टाकीचं झाकण

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. मामा साखर कारखान्यात कामाला होता आणि तिथल्या कामगारांच्या संघटनेतही होता. देवळाली प्रवऱ्याच्या बाजाराला आला की तो आमच्या वस्तीवर चक्कर टाकायचा आणि पिशवीतून गुलाबी, पिवळ्या, हिरवट कागदांचा गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवायचा. अक्षरं मी शाळेत शिकले, पण वाचायची चटक मला त्या कागदांनी लावली. हातात पत्रक घेतलं की बोटांना शाई लागायची. त्यात सगळं ठाम असायचं. अन्याय सहन करू नका. अंधश्रद्धा सोडा. विज्ञानाचा मार्ग धरा. वाचताना माझ्या अंगावर काटा यायचा आणि विज्ञानाचा मार्ग कुठल्या तरी लांबच्या मोठ्या शहरातून जात असेल असं मला वाटायचं. तो आमच्या विहिरीशेजारच्या खोपीपाशी अडलेला आहे, हे कुठल्याच पत्रकात छापलेलं नव्हतं.

त्या खोपीत आमचं इंजिन होतं. विजेचे खांब गावापर्यंत आले होते, वस्तीपर्यंत नाही. पाटाचं पाणी पाळीनं मिळायचं आणि पाळी लांबली की सगळा ऊस विहिरीच्या तोंडाकडे बघत उभा राहायचा. हिरव्या रंगाचं, एका मोठ्या चाकाचं ते डिझेलचं इंजिन आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दूरवरून बैलगाडीत घालून आणलं होतं. इंजिनाच्या चाकावरून एक रुंद पट्टा पंपाच्या चाकावर जायचा, पंप विहिरीतलं पाणी उचलायचा आणि दांडातून ते उसात पळायचं. इंजिन चालू झालं की त्याचा ठोका शिवारभर ऐकू जायचा. आबा लांब उसात पाणी वळवत असले तरी त्यांचा एक कान त्या ठोक्याकडे असायचा.

त्या खोपीत माझ्या धाकट्या बहिणीला जायला बंदी होती. मलाही होती, पण मला तिथं जायचंच नव्हतं. मधल्या भावाला मात्र आबा हाताला धरून आत न्यायचे. पुढं इंजिन त्यालाच सांभाळायचं आहे, हे त्याच्या जन्माच्या दिवशीच ठरलेलं असावं. तो बिचारा इंजिनाला भ्यायचा. एकदा चालू करताना हँडल उलटं फिरून त्याच्या मनगटावर बसलं होतं. त्याचा जीव होता बोरीच्या झाडांत. गावठी बोरीच्या फांदीवर चांगल्या बोरीचा डोळा बसवायचा, वरून केळीच्या सोपटानं बांधायचं आणि तो डोळा फुटतो का हे बघायला रोज पहाटे उठून जायचं, असा त्याचा उद्योग. कुठल्या तरी रोपवाटिकेत त्यानं कुणाला ते करताना उभ्या उभ्या पाहिलं होतं, एवढंच त्याचं शिक्षण. पोराला नाद लागलाय, असं मोठी माणसं म्हणायची. आमच्याकडे मुलाला दारूचा लागतो तोही नाद आणि बोरीचा लागतो तोही नादच. दोन्ही सोडवायचे असतात.

धाकटीला प्रश्न पडायचे. ती तेव्हा पाचवीत होती, अंगानं किरकोळ, दोन वेण्या कानामागून पाठीवर टाकलेल्या. पपईच्या पानाचा देठ आतून पोकळ असतो. तो कापून ती हौदात बुडवायची, वरच्या तोंडावर अंगठा दाबायची आणि नळी बाहेर काढायची. खालचं तोंड उघडं असूनही पाणी पडायचं नाही. अंगठा उचलला की सगळं धबकन खाली. हे ती तासन् तास करायची. आई ओरडायची की हौदावर काय बसलीस, भांडी कोण घासणार. धाकटी म्हणायची, "आई, ह्याला खालून कुनीच धरलेलं न्हाई. मग हे पडत का न्हाई?" आई म्हणायची, तुला धरायला कुणीतरी पाहिजे. मीही तिला उत्तर दिलं नाही. माझी तेव्हा अकरावी चालू होती, हवेचा दाब असतो एवढं मला पाठ होतं. पण ज्या गोष्टीकडे ती एवढं रोखून बघत होती, तिच्याकडे मी कधी बघितलंच नव्हतं.

वर्षातून एकदा ती बंदी उठायची. खंडेनवमीला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे सगळी औजारं धुऊन पुसून पुजतात. कोयते, कुऱ्हाडी, नांगराचे फाळ, आईची विळी, सगळ्यांना त्या दिवशी सुट्टी. इंजिनही बंद. बंद इंजिनाजवळ जायला हरकत नव्हती, उलट ते पुसायला लहान हातच बरे. त्या वर्षी, म्हणजे मोठ्या दुष्काळाच्या आदल्या साली, धाकटीनं ते इंजिन असं पुसलं की जणू एखाद्या म्हशीच्या पारडाला न्हाऊ घालतेय. चिंधी घेऊन ती प्रत्येक नळीमागून गेली. डिझेलची टाकी सगळ्यात वर. टाकीतून पातळ नळी खाली जाते, मधल्या भांड्यातून पुढं सरकते आणि इंजिनाच्या पोटात शिरते. तिनं ते बोटानं माग काढत काढत बघितलं. टाकीच्या झाकणाला मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक होतं. हे कशाला, असं तिनं विचारलं. आबा बाहेर पट्ट्याला राळ लावत होते, त्यांनी ऐकलं नाही. भाऊ म्हणाला, तुला काय करायचंय.

मग आई पूजेचं ताट घेऊन आली. आदल्या वर्षी तिनं इंजिनाला हळदीकुंकू लावलं होतं, पण ते तेलकट लोखंडावर टिकलं नव्हतं. ओघळून गेलं होतं आणि आईच्या मनाला ते लागून राहिलं होतं. ज्याच्या जिवावर घर जेवतं त्याच्या कपाळाला कुंकू टिकू नये म्हणजे काय? म्हणून या खेपेला तिनं बांधावरच्या म्हसोबाला लावतात तसा शेंदूर तेलात कालवून आणला होता. चांगला घट्ट. इंजिनाचं सगळ्यात उंच ठिकाण म्हणजे टाकीचं झाकण. ते त्याचं डोकं. आईनं अंगठ्यानं दाबून तिथं ठसठशीत टिळा लावला, मग चाकाला, मग पंपाला. आम्ही सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. अंधश्रद्धा सोडा असं वाचणारी मी, पण आई हात जोडत असताना मला कधीच हात खाली ठेवता आले नाहीत.

दसरा झाला, सोनं वाटून झालं, आणि दुसऱ्या दिवशी आबांनी इंजिन चालू केलं. पहिल्या हँडलला लागलं. आबा समाधानानं उसाकडे गेले. पहिला वाफा भिजतोय न भिजतोय तोच ठोका मंदावला. धुराड्यातून अडखळत फुसके निघाले आणि चाक गरगरत थांबलं.

आबा धावत आले. इंजिनानं हवा धरली असणार, असं त्यांचं मत पडलं. डिझेलच्या नळीत हवा शिरली की इंजिन असं बंद पडतं, हे खरंच होतं आणि त्यावरचा उपायही त्यांना येत होता. त्यांनी टाकीचं झाकण काढून आत डोकावलं, डिझेल भरपूर होतं. झाकण घट्ट लावलं, खालचे स्क्रू सैल करून हवा काढली, परत कसले आणि हँडल मारलं. इंजिन चालू. पुन्हा थोड्या वेळानं बंद. पुन्हा झाकण काढून बघणं, पुन्हा हवा काढणं. दिवसभर हेच. दांडातलं पाणी उसापर्यंत पोचायच्या आधी जमिनीतच जिरून जायचं. दसऱ्यानंतरचं ऊन असं असतं की पावसाळ्यात पोसलेलं सगळं ते तपासून बघतं. कांद्याच्या रोपानं माना टाकल्या होत्या.

शेजारच्या वस्तीवरून चुलते आले. माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, त्यांना कुठलीही अडचण हसल्याशिवाय सोडवता यायची नाही. त्यांनी इंजिनाकडे बघितलं, शेंदराकडे बघितलं आणि आईला म्हणाले, "वैनी, नवरात्राचा उपास इंजिनाला पन धरायला लावला का? सोडा आता, दसरा झाला."

आई म्हणाली, "तुमी आल्यापासून तर जास्तच बंद पडतंय. दृष्ट तुमचीच असंल."

आणि तिनं खरोखर संध्याकाळी मीठ-मोहऱ्या घेऊन इंजिनाची दृष्ट काढली. चुलते तिथंच उभे होते, त्यांनी स्वतःवरूनही ओवाळून घेतलं.

या सगळ्या वेळात धाकटी खोपीच्या उंबऱ्याबाहेर बसलेली असायची. दसऱ्याची सुट्टी होती. उंबरा ओलांडायचा नाही, पण उंबऱ्यावर बसायला कुणी मना केलं नव्हतं. भाऊ आत पाना धरून उभा, तोंड पाडून, आणि त्याला काय पकडायचं ते कळायच्या आधी आबांचा आवाज चढायचा. ज्याला बघायचं होतं ते लेकरू बाहेर आणि ज्याला पळायचं होतं ते आत. ही व्यवस्था कुणी लिहून ठेवलेली नव्हती, म्हणून तिच्याविरुद्ध पत्रकही निघालं नसावं.

मग एक गोष्ट घडली जी सगळ्यांसमोर घडली आणि एकटीनं बघितली. चुलत्यांनी टाकीत डोकावून झाकण बाजूच्या फळीवर ठेवलं आणि बोलण्याच्या नादात परत लावायचं विसरले. आबांनी इंजिन चालू केलं. ते चाललं. चालतच राहिलं. पाणी उसाच्या तिसऱ्या सरीपर्यंत गेलं. आबा म्हणाले, जमलं बुवा. आत येऊन बघतात तर टाकी उघडी. उसाचं पाचट आणि धूळ सगळीकडे उडत होती, टाकीत कचरा गेला तर इंजिनाचं वाटोळं होईल म्हणून ते चुलत्यांवर खेकसले आणि त्यांनी झाकण पिळून घट्ट लावलं. थोड्या वेळात इंजिन बंद पडलं. आबा डोक्याला हात लावून बसले. कचरा गेलाच शेवटी, असं ते म्हणाले.

ठरलं असं की दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन खोलून बैलगाडीत घालायचं आणि राहुरीला दुरुस्तीला न्यायचं. ते तिथं किती दिवस पडून राहील, याचा भरवसा नव्हता.

त्या दुपारी आबा आणि भाऊ जेवायला घरात आले. मी हौदावर धुणं धूत होते. धाकटी खोपीच्या बाजूनं आली. तिच्या बोटांना डिझेलचा वास येत होता. मी काही विचारायच्या आधी तिनं पपईचा देठ हौदात बुडवला, वर अंगठा दाबला आणि पाणी धरलेली नळी माझ्या तोंडासमोर आणली.

"आक्का, ही टाकी," ती म्हणाली. "आन् हा अंगठा म्हंजी शेंदूर."

मग तिनं मला सगळं सांगितलं. झाकणाच्या भोकातून वारा आत जात असणार. तो गेला तरच डिझेल खाली उतरणार. आईनं टिळा लावला तो बरोबर भोकावर, आणि तो वाळून दगड झालाय. ती आत जाऊन बघून आली होती. झाकण काढलं की वारा आत जातो, म्हणून दर वेळेला इंजिन लागतं. परत लावलं की आतला वारा पुरेपर्यंत चालतं आणि मग त्याचा घसा सुकतो. काका झाकण विसरले तेव्हाच एकदा ते नीट चाललं होतं.

मला हर्ष झाला आणि तो हर्ष ताबडतोब पत्रकाच्या भाषेत बोलू लागला. पूजेनं इंजिन बंद पडलं आणि एका मुलीच्या बुद्धीनं चालू झालं. याहून चांगला मथळा कुठला? मी तिला म्हटलं, चल, सगळ्यांसमोर सांगू. ती म्हणाली, आईला वाईट वाटेल. मी म्हटलं, बरं, मग काट्यानं भोक मोकळं कर आणि गप्प बस, इंजिन चालेल. तिनं त्यालाही नाही म्हणून मान हलवली. मग ते का बंद पडत होतं हे कुणाला कळणारच नाही, असं तिचं म्हणणं. तिला ते पटणारं नव्हतं. इंजिन चालण्याइतकंच ते का चालतं हे माहीत असणंही तिला महत्त्वाचं होतं, आणि ते माहीत झाल्यावर आपल्यापाशी दडवून ठेवणं तिला जमत नव्हतं.

अडचण फक्त आईची नव्हती. ती खोपीत गेली होती हे तिला सांगावं लागणार होतं. खोपीत पाऊल टाकलं तर शाळा बंद करीन, असं आबा एकदा रागाच्या भरात बोलले होते. आबा बोललं ते करणारे होते.

सकाळी चुलते गाडी घेऊन आले. दोर, पहारी, सगळं तयार. धाकटी आबांपुढे जाऊन उभी राहिली.

"आबा, झाकनाचं भोक बुजलंय. शेंदरानं. ते मोकळं करून एकदा चालवा."

आबांनी दोर खाली ठेवला. "तुला काय ठाव भोक बुजलंय ते?"

"मी बघितलं."

"आत गेल्तीस?"

"व्हय."

आबांचा चेहरा असा झाला की मी पुढं सरकले. इंजिन, ऊस, कांदा, सगळं त्यांच्या डोळ्यांतून निघून गेलं होतं. ते तिच्या वेण्यांकडे बघत होते. तो राग मला तेव्हा जुलमी वाटला. चुलते मध्ये पडले. "आधी ती काय म्हनती ते तर बघू. मार काय, दुपारी पन देता येईल."

आबांनी बाभळीचा काटा मोडला आणि आत गेले. झाकण हातात घेऊन त्यांनी शेंदूर खरवडला, काटा टोचला, झाकण डोळ्याजवळ धरून उजेडाकडे बघितलं. मग ते पिळून घट्ट बसवलं आणि हँडल मारलं. आम्ही सगळे बाहेर उभे होतो. पहिला वाफा भरला. दुसरा भरला. आई चुलीवरून उठून आली होती, तिच्या हाताला पीठ होतं. पाणी कांद्याच्या रोपात शिरलं तेव्हा चुलत्यांनी बैलांना म्हटलं की चला रे, तुमची बी सुट्टी झाली, आणि गाडी वळवली.

आबा बाहेर आले. आईला म्हणाले, "हवा धरली हुती." आणि लाल झालेला काटा त्यांनी धोतराच्या सोग्यात लपवला.

आई म्हणाली, "मला काय डोळं न्हाईत? टिळा मीच लावला. श्वासाच्या जागी शेंदूर थापल्यावर देव तरी काय करनार?" आणि ती भाकरी करपेल म्हणून परत गेली. अंधश्रद्धेविरुद्धचा माझा मोठा लढा तिथं कुणीच लढायला उभं न राहिल्यामुळं संपला. त्याबद्दल मला आज बरंच वाटतं.

चुलत्यांनी ही हकिगत देवळालीच्या बाजारात सगळ्यांना सांगितली, स्वतःचा झाकण विसरण्याचा भाग बराच वाढवून. लोक वस्तीवर येऊन धाकटीला बघून जाऊ लागले. हुशार आहे हो पोरगी, मुलगा असती तर इंजिनेर झाली असती, असं म्हणत. मला त्या कौतुकाची चीड यायची. कारण आबांनी तिला मारलं नाही, शाळाही बंद केली नाही, पण खोपीच्या दाराला नवी कडी बसवली आणि तिच्यात कुलूप अडकवलं. आता उंबऱ्यावरूनही आतलं दिसत नव्हतं. सगळं गाव तिच्या बुद्धीला नावाजत होतं आणि तिची बुद्धी जिथं जाऊ पाहत होती ती जागा बंद होती. मुलांचं कौतुक करणं आणि त्यांच्या कुतूहलाला वाट देणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीला फक्त तोंड लागतं.

धाकटी रडली नाही. ती घराच्या भिंतीला पाठ लावून बसायची आणि बंद दारामागच्या ठोक्याकडे कान द्यायची. हौदावर येईनाशी झाली. पपईचे देठ सुकून पडले. आईनं एकदा आपणहून तिला नवा देठ कापून दिला, तर तिनं तो घेतला आणि नुसता हातात धरून बसली. भाऊसुद्धा मला म्हणाला, तिला घेऊ द्या की माझ्या जागी, मला सुटका मिळेल.

शेवटी मी आबांशी भांडले. गोठ्यात, संध्याकाळी, आई धार काढत असताना. मला येत होते ते सगळे शब्द मी वापरले. हक्क, अन्याय, समता, मुलगा आणि मुलगी. आबा वैरण टाकत राहिले. पेंढी सोडली, पसरली, दुसरी घेतली. माझे शब्द संपल्यावर ते बोलले, माझ्याकडे न बघता.

त्यांच्या तरुणपणी, शेजारच्या गावातल्या एका गुऱ्हाळावर, इंजिनाच्या पट्ट्यानं एका बाईचा पदर ओढून घेतला होता. रस काढणारी बाई होती. वाकून काहीतरी उचलत होती. आबा तिच्यापासून हातभर अंतरावर होते आणि त्यांचा हात पोचला नव्हता. "पट्ट्यानं पदर पकडला आन् बाईच गेली," ते म्हणाले. "तवापासून पोरीच्या येन्या बघितल्या का मला तो पट्टा दिसतो."

हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. पत्रकातला जुलमी बाप नेहमी जुलमीच असतो. वैरणीची पेंढी न सोडता तशीच छातीशी धरून उभा राहणारा नसतो.

आईच्या हाताखाली चरवीत धारा पडत होत्या. त्या थांबल्या नाहीत. म्हशीच्या पोटाला डोकं टेकवूनच ती बोलली.

"हिरीला कठडा न्हवता तवा वासरू पडलं हुतं. मग तुमी कठडा बांधला. पोरांचं पानी प्यायचं बंद केलं का?"

आबांनी पेंढी खाली ठेवली. मग हात झटकून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बांधावरचे बांबू तोडले. गोठ्याची पडवी शाकारायला आईनं राखून ठेवलेले होते ते, त्यावरून तिनं दिवसभर कुरकुर केली. आबांनी आणि भावानं मिळून पट्ट्याभोवती दोन्ही बाजूंनी कूड उभा केला, कमरेच्या वर, इंजिनाच्या चाकापासून पंपाच्या चाकापर्यंत. बांबू बांधायचं काम भावाचं. आबांनी मारलेली गाठ सैल निघाली तेव्हा त्यानं ती सोडून पुन्हा बांधली आणि आबांना म्हणाला, असं ओढून मग मागून घ्यायचं असतं. आबांनी त्याच्या बोटांकडे पाहिलं. तुला कुणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं. बोरीनं, तो म्हणाला. आबा हसले नाहीत. पुढच्या गाठी त्यांनी त्यालाच बांधू दिल्या आणि त्यानंतर त्याला हँडल मारायला कधी बोलावलं नाही.

कूड पुरा झाल्यावर आबांनी बाहेरून हात घालून बघितला. पट्ट्यापर्यंत हात पोचत नव्हता. मग त्यांनी मला उभं करून माझा पदर सोडायला लावला आणि तो पोचतो का ते पाहिलं. पोचला नाही. तरी त्यांचं समाधान होईना. एक आडवा बांबू अजून घातला.

मग त्यांनी धाकटीला हाक मारली.

ती आली तशी उंबऱ्यापाशी थांबली. आबांनी आपल्या मुंडाशाचा शेव फाडला, तिला जवळ घेतलं आणि तिच्या दोन्ही वेण्या डोक्याभोवती गुंडाळून वरून ती पट्टी घट्ट बांधली. त्यांना ते नीट जमलं नाही. पट्टी एका कानावर आली होती. ती तशीच आत गेली. चालू इंजिनाच्या इतक्या जवळ ती पहिल्यांदाच होती आणि तिचं अख्खं अंग त्या ठोक्याबरोबर हलत होतं. ती टाकीपासून सुरू झाली, नळीवरून डोळ्यांनी खाली उतरली आणि नळी जिथं इंजिनाच्या पोटात शिरते तिथं थांबली. आबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवलेला होता, तो त्यांनी काढला नाही.

"आबा," ती ओरडून म्हणाली, कारण आवाजात काही ऐकू येत नव्हतं. "डिझेल आत गेल्यावर पेटतं कशानं? आत तर काडी न्हाई."

आबांनी इंजिनाकडे बघितलं. एवढी वर्षं ते त्याचा ठोका ऐकत आले होते.

"मला न्हाई ठाव," ते तिच्या कानाशी वाकून म्हणाले. "ऊस भिजू दे. मग बंद करू आन् दोघं मिळून उघडून बघू."